ओटी भरली गुप्तहेराची

पोलिसांकडून आलेल्या परवानगीच्या कागदावर 'वरघोडो' असं लिहिलेलं होतं, ते मी आधी वाचायला हवं होतं. वरघोडो म्हणजे इकडच्या गुजरातीत नवरदेवाची वरात. आमच्याकडे वरात नव्हती, नवरदेव नव्हता, आणि घोडा तर भेस्तानच्या आमच्या सोसायटीच्या फाटकातून आत येऊच शकत नाही, कारण तिथे सेक्रेटरी जयंतीभाईंची गाडी आडवी लावलेली असते. आमच्याकडे सिनेमा होता. दोन गुप्तहेर बायकांच्या वेषात हळदीकुंकवाला जातात आणि चोरीचे हिरे पकडतात, असा एक छोटा विनोदी सिनेमा. मोबाईलवर काढायचा होता. लेखक, दिग्दर्शक आणि मोबाईलचे मालक आमचे हे.

मी होकार का दिला, असं मला नंतर सगळ्यांनी विचारलं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून यांचं बोलणंच आटलं होतं. भाजी कुठली करू? "कुठलीही." जरा फिरून येऊ या? "बघू." केतकीचा, म्हणजे मुलीचा फोन आला तरी "आईशी बोल." ताप आला तर माणसाला डॉक्टरकडे नेता येतं, पण 'बघू'वर कुठलं औषध देणार? मी गुरुवार धरला. मग शनिवार धरला. सोमवार, मंगळवार आणि रविवार आधीपासून होतेच. शुक्रवारी आंबट वर्ज्य. निवांतपणे जेवायला बुधवार तेवढा उरला होता, तोही संकष्टी आली नाही तर. आणि मग एका सकाळी हे आपणहून दाढी करून बाहेर आले आणि म्हणाले, "मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात माझा सिनेमा दाखवायचं ठरलंय. बाहेरच्या खोलीतलं सोफ्याचं कव्हर बदल."

फळ नक्की कुठल्या वाराचं, ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून मी एकही वार सोडला नाही. यांनी जे मागितलं त्याला मात्र हो म्हणत गेले. माणूस बोलता झाला होता. तो पुन्हा 'बघू'वर जाऊ नये, एवढंच माझं मागणं होतं.

सिनेमाला वीसेक बायका लागणार होत्या. कामाचा दिवस सोडून नुसतं सोफ्यावर बसायला कोण येणार? हा प्रश्न आमच्या मराठी मंडळाच्या मंदाताईंनी एका वाक्यात सोडवला. मंदाताई महिला शाखेच्या अध्यक्ष आहेत आणि सगळे प्रश्न एका वाक्यातच सोडवतात. "रथसप्तमीला रजनीकडे हळदीकुंकू असतंच, बायका नटून येतातच, तुम्ही कोपऱ्यात मोबाईल लावा."

मी हरकत घेतली. माझा आवाज मुळात लहान. माझी हरकत समोरच्यापर्यंत पोचेपर्यंत विषय बदललेला असतो. हळदीकुंकू हा माझ्यासाठी कार्यक्रम नव्हे. त्या दिवशी दारात येणारी प्रत्येक बाई मी देवी समजते, वयाने लहान असली तरी तिला वाकून नमस्कार करते, आणि शेवटची बाई घरी गेल्याशिवाय अन्न घेत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचा नेम आहे. म्हणून मी एकच अट घातली. खरं हळदीकुंकू आटोपल्यावर ते दोन वेषांतरवाले आत यायचे. त्यांच्यापुढे मी रिकामं तबक फिरवीन, पण त्यात हळद-कुंकू असणार नाही. यांनी शब्द दिला. पण माणूस दिग्दर्शक झाला की दिलेला शब्दही तो उजेड बघून बदलतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मग परवानग्या सुरू झाल्या. गुप्तहेर रिक्षातून फाटकाशी उतरतात असा एक प्रसंग होता, त्यामुळे जयंतीभाईंनी सोसायटीची बैठक बोलावली. चोर गुजराती दाखवू नये, असं ठरलं. मराठीही दाखवू नये, असं मग आम्ही सुचवलं. उत्तर प्रदेशचा चालेल का, तर तिसऱ्या मजल्यावरचे तिवारीजी समोरच बसले होते. शेवटी चोर 'बाहेरगावचा' ठरला. ते आटोपल्यावर जयंतीभाई म्हणाले, "प्रकाशभाई, फाटकाबाहेरचं माझ्या हातात नाही. पोलीस परमिशन लावो."

पोलीस ठाण्यातला कारकून फार सज्जन निघाला, आणि घोळ तिथेच झाला. त्याच्या संगणकात मिरवणूक होती, विसर्जन होतं, लाउडस्पीकर होता, मोठ्या कंपनीचं चित्रीकरण होतं, पण निवृत्त माणसाने मोबाईलवर काढायचा सिनेमा कुठेच बसत नव्हता. यांच्या तिकडे फेऱ्यावर फेऱ्या झाल्या. शेवटी त्या बिचाऱ्यालाच दया आली. "काका, वरघोडामां नाखी दउं? एमां बधुं आवी जाय." वरातीत टाकून देतो, त्यात सगळं येतं म्हणाला. यांना वाटलं, येत असेल. बँकेत यांनीही लोकांची किती कामं अशीच कुठल्यातरी रकान्यात बसवून दिली होती. परवानगी मिळाली, आणि खाली अटी होत्या की बँड दहाला बंद करावा आणि घोड्यामागची सफाई यजमानाने करावी.

दोन गुप्तहेरांपैकी एक सौरभ, यांच्या बँकेतला मुलगा. शिडशिडीत, नाकीडोळी नीटस. नऊवारी नेसवून नथ घातल्यावर तो आरशासमोरून हलेचना. दुसरा गणपत. पांडेसऱ्याच्या कारखान्यात माग दुरुस्त करतो, गावाकडे नाटकात कामं केलेला, खांद्याने दार अडेल असा गडी, आणि ओठांवर भरघोस मिशी.

"मिशी काढावी लागेल," हे म्हणाले.

"आवो काका, वडील जिते हायेत माझे," गणपत म्हणाला. "जालन्याला बसलेत. मिशी काढली अन् कुनी तिकडं सांगितलं, तर म्हातारा धसक्यानंच जाईल."

यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. सल्ले मात्र पुष्कळ आले. एकीने मिशीवर मैदा लावायला सांगितलं. कुणी म्हणालं, दाढदुखी दाखवा आणि फडकं बांधा. मंदाताई म्हणाल्या, "पदर दातात धरू दे. लाजाळू सून." पदर दातात धरल्यावर गणपतला बोलता येईना, म्हणून त्याचे संवाद सौरभला दिले. मग एक गुप्तहेर दोघांचं बोलू लागला आणि दुसरा नुसता लाजू लागला. गुप्तहेराकडे पिस्तूल हवंच, म्हणून जन्माष्टमीच्या जत्रेतलं एक प्लॅस्टिकचं आणलं. नऊवारीला खिसा नसतो. ते कमरेला खोचलं.

आमच्या शेजारच्या रसिलाबेन दरवर्षी माझ्याकडे हळदीकुंकवाला येतात. त्यांना यातलं काही सांगायचं नाही, असा यांचा हुकूम होता. "त्यांना सांगितलं की उधन्यापर्यंत गेलंच समज. गुप्तहेरांचा सिनेमा आहे, थोडी तरी गुप्तता हवी." परिणामी अख्ख्या सोसायटीत सिनेमाची माहिती नसलेल्या एकट्या रसिलाबेन राहिल्या.

रथसप्तमीला सकाळी दूध उतू घातलं, सूर्याला अर्घ्य दिलं, आणि उपाशीपोटी दुपारपर्यंत तयारी केली. बाया येऊ लागल्या. हळद, कुंकू, अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ, मग ओटी, मग वाण. वाण म्हणून या वर्षी स्टीलची चहाची गाळणी होती. मी माझ्या नेमात रंगून गेले. कोपऱ्यात मोबाईल आहे, हेसुद्धा विसरले. तेवढ्यात खिडकीतलं ऊन सोफ्यावर आलं, आणि ते ऊन यांना आवडलं, एवढंच काय ते कारण झालं.

माझ्यासमोर एक उंचनिंच बाई येऊन उभी राहिली. मान खाली, पदर दातात. दुसऱ्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय, त्यांची सून मी अजून पाहिली नव्हती. ती हीच, असं मी मनाशी धरलं; वेषांतरवाले तर हळदीकुंकू आटोपल्यावर यायचे होते. किती ही लाज, हल्लीच्या मुलींत दिसत नाही. कपाळ माझ्या हाताला पुरेना, तर बिचारी आपणहून गुडघ्यात वाकली. मी हळद लावली, कुंकू लावलं. नारळ, खण, गहू, बोरं, उसाचे करवे, सगळं घालून तिची ओटी भरली. तिने पदर पसरला नाही, दातात धरलेल्या पदराचंच टोक पुढे केलं. मला वाटलं, त्यांच्याकडे तशी पद्धत असेल.

मंदाताईंना अर्थातच सगळं माहीत होतं. मोबाईल चालू आहे म्हटल्यावर त्यांना गप्प बसवेना. "नाव घे गं," त्या म्हणाल्या.

बाई घुटमळली. मग पदराआडून घोगऱ्या आवाजात आलं,

"लूमवर चढवला बीम, बॉबिन भरल्या बारा,
गणपतरावांचं नाव घेते, बायको त्यांची तारा."

बायका इतक्या हसल्या की कुणाची गुलाबदाणी कलंडली. मला हसण्यासारखं काही दिसलं नाही. घसा बसलाय पोरीचा, तरी मान राखून नाव घेतलं. मी नेहमीप्रमाणे वाकले आणि पायांवर डोकं ठेवलं. केवढे ते पाय. टाचांना भेगा, अंगठ्याच्या नखात काळं तेल गेलेलं. मी मनात म्हटलं, फार कष्ट आहेत हिच्या वाट्याला, देवा सुखात ठेव.

"आवो काकू, पाप लावता का मला," असं म्हणून देवी एकदम मागे सरली आणि माझ्याच पाया पडायला वाकली. दातातला पदर सुटला. मिशी बाहेर आली. आणि कमरेचं पिस्तूल सुटून तिळगुळाच्या ताटात पडलं.

मी मिशीकडे बघत राहिले. माझ्या तोंडून "अगं बाई" एवढंच आलं, तेही कुणाला ऐकू गेलं नाही. बाकीच्या हसत होत्या. एकट्या रसिलाबेन हसत नव्हत्या. त्या शांतपणे उठल्या, आपली गाळणी उचलली, चपला घातल्या, बाहेर गेल्या आणि बाहेरून कडी लावून घेतली. मग त्यांच्या घरातून त्यांचा फोनवरचा आवाज भिंतीतून स्पष्ट ऐकू आला. हत्यारधारी माणूस, लुगडं नेसलेला, बायकांचे दागिने, जल्दी आवो.

"रसिलाबेन," मंदाताई दारावर थापा मारत म्हणाल्या, "कडी काढा, सिनेमा आहे."

"हां हां," बाहेरून उत्तर आलं, "चोर के पास गन हो तो सब ऐसा ही बोलते हैं. तमे गभराशो नहीं, पोलीस आवे छे."

नंतर मी त्यांना विचारलं, की बाई, हत्यारवाल्यासोबत आम्हा सगळ्यांना आत कोंडलंत ते कसं? तर म्हणाल्या, "एक चोर और बीस लेडीस. मैंने सोचा पकड के रखेंगे."

त्यानंतरचा वेळ मला आठवायला नको वाटतो. मंदाताईंना अजून चार घरी जायचं होतं आणि त्यातल्या एका घरी वाण म्हणून स्टीलचे डबे होते. त्यांनी ती गोष्ट सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगितली. एकीचं बाळ घरी उठलं होतं. गणपत ओटी पोटाशी धरून कोपऱ्यात उभा होता, कारण ती खाली ठेवायची की नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हे मात्र मोबाईल घेऊन सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून फिरत होते. "घाबरलेले भाव सुंदर येताहेत. असंच राहा." मला सकाळपासून अन्न नव्हतं. शेवटची बाई गेल्याशिवाय जेवायचं नाही हा नेम करताना, शेवटची बाई जाऊच शकणार नाही अशी वेळ येईल, याचा विचार माझ्या सासूबाईंनीही केला नसावा.

पोलीस आले. एक तरुण साहेब आणि एक महिला कॉन्स्टेबल. कडी निघाल्याबरोबर हे पुढे झाले आणि परवानगीचा कागद असा काही पुढे केला, जणू बक्षीसच देताहेत. साहेबांनी तो वाचला. मग वर पाहिलं.

"वरघोडो?"

"हो," हे म्हणाले.

"वरराजा क्यां छे?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि कुणीतरी काही न सुचून सौरभकडे बोट केलं. सौरभ नथ सावरत उभा राहिला.

"अने घोडो?" साहेब म्हणाले.

कॉन्स्टेबल गणपतसमोर गेली. तिच्या छातीवरच्या पाटीवर सुवर्णा असं नाव होतं. मुलगी लिंबायतची, घरचे खानदेशातले असावेत. मिशीकडे शांतपणे बघत तिने विचारलं, "कोणता गावनी शे वं माय तू?"

"जालन्याचा, म्याडम," गणपत म्हणाला.

साहेबांना हसू आलं नाही. दिवसभर त्यांनाही काय काय बघावं लागलं असेल. बायकांच्या घोळक्यात वेष बदलून घुसायचं, वर हत्यार, वर खोटी वरात. दोघांना ठाण्यावर घ्या, मोबाईल जप्त करा, सिनेमा आहे का काय ते तिथे बघू, असं त्यांनी सांगितलं, आणि यांच्या हातातून मोबाईल काढून घेतला.

हे भांडतील असं मला वाटलं. हे भांडले नाहीत. खांदे खाली आले. मी अगदी जवळ उभी होते म्हणून मला ऐकू आलं. "बघू," हे म्हणाले. तोच आवाज. सहा वार धरून मी जो घालवला होता, तोच.

"साहेब," मी म्हटलं. कुणाला ऐकू गेलं नाही. "साहेब," मी पुन्हा म्हटलं.

"गप्प बसा गं सगळ्या, रजनी बोलतेय," मंदाताई म्हणाल्या, आणि वीस बायका एकदम गप्प झाल्या. असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. आता काय बोलावं, हे मला कळेना.

मग मी माझ्या मोडक्या गुजरातीत सांगितलं, की साहेब, न्यायचंच असेल तर न्या. तुमचं कामच आहे. पण सिनेमाच्या शेवटी पोलीस येतात, आणि इन्स्पेक्टरचं काम करणारा लक्ष्मण पाळीवर गेलाय, त्याला सुट्टी मिळाली नाही. तुम्ही दारातून आत आलात तेव्हा मोबाईल बायकांकडे वळलेला होता. तर एकदा बाहेर जाऊन पुन्हा आत या, आणि या दोघांना पुन्हा पकडा. मग खुशाल न्या.

साहेबांनी हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. "एटले मारे एक्टिंग करवानी?"

"ना भाई. तमे करो छो ए ज करो. फक्त दारातून."

साहेबांनी सुवर्णाकडे पाहिलं. सुवर्णाने छताकडे पाहिलं. मग साहेबांनी खिशातून कंगवा काढला.

मोबाईल यांना परत द्यावा लागला, कारण त्याशिवाय चित्रीकरण कसं होणार? साहेब बाहेर गेले. रसिलाबेननी, आता सगळं समजल्यामुळे, मोठ्या तोऱ्यात कडी काढली. साहेब आत आले, "कोई हलशो नहीं" म्हणाले, गणपतला धरलं. मग स्वतःच थांबले. "ना. अवाज दबाई गयो. फरीथी." पुन्हा बाहेर. दुसऱ्या वेळी गणपतची कॉलर धरायला गेले आणि लुगड्याला कॉलर नसते, हे त्यांच्या लक्षात आलं. तिसऱ्या वेळी हे म्हणाले, "साहेब, जरा डावीकडून या, उजेड चेहऱ्यावर येतोय," आणि साहेब डावीकडून आले. यांचा आवाज असा होता, की काउंटरवरची गर्दी रांगेत उभी राहावी. मी भिंतीला टेकून उभी होते. पाय दुखत होते, डोकं दुखत होतं, पोटात आग पडली होती, आणि तो आवाज मी ऐकत होते.

अटक करायचं शेवटी राहूनच गेलं. साहेबांनी यांना वरातीच्या कागदावरून चांगलं खडसावलं, पिस्तूल उलटसुलट करून परत दिलं, आणि सिनेमात नाव नीट लिहा, आडनावासकट, असं बजावलं. सुवर्णाला मी हळदीकुंकू लावलं. तिने टोपी काढून हातात धरली. साहेबांनी गाळणी नको म्हटलं, मग घेतली.

अंधार पडल्यावर शेवटची बाई गेली. मी थंड खिचडी खाल्ली. गणपत मागे राहिला होता, अजून ओटी पोटाशी. "काकू, ही परत घ्या." मी म्हटलं, "ताराला दे." ओटी योग्य घरी पोचली, नेणारा तेवढा वेगळा होता. मंदाताईंचं मत मात्र असं पडलं, की हे सगळं पुढच्या वर्षी दोनदा करावं लागेल, एकदा या वर्षीचं भरून काढायला.

त्यानंतर मला बाहेर तोंड दाखवायची सोय राहिली नाही. दूधवाला म्हणे, काकी, मिशीवाल्या बेन कशा आहेत? देवळात एका ओळखीच्या बाईंनी माझा नमस्कार घेताना आधी आपल्याच ओठांवरून हात फिरवला. घरी येऊन जप करताना मणी सरकेना. इतक्या वर्षांचा नेम, आणि त्याची सगळ्यांनी मिळून गंमत केली.

हे सिनेमा जोडत बसले होते. एका दुपारी मला बोलावलं आणि मोबाईल पुढे धरला. मी ओटी भरतेय, मी वाकतेय, माझं डोकं त्या पायांवर. बाकी सिनेमात सगळे सिनेमातल्यासारखे दिसत होते. तेवढं मात्र खरं दिसत होतं.

"याच्यानंतरच सगळं हसू येतं," हे म्हणाले. "हे काढलं तर पुढचं उभं राहत नाही. पण तुला नको असेल तर काढून टाकतो. मी तुला शब्द दिला होता आणि उन्हाच्या नादात मोडला." आणि खरोखरच बोट त्या कात्रीच्या चित्रावर नेऊन ठेवलं.

बोट तिथे होतं आणि हे माझ्याकडे बघत होते. इतक्या महिन्यांत यांनी मला काही विचारलं, तेही उत्तर ऐकायचं म्हणून, असं पहिल्यांदाच होत होतं. मी पुन्हा त्या पायांकडे पाहिलं. भेगा, तेल. देवी कुठल्या वेषात यायचं ते आपल्याला विचारून येत नाही. आणि तसल्या टाचांना नमस्कार करून माझं काय बिघडलं होतं?

"राहू दे," मी म्हटलं.

मंडळाच्या कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. साहेब आईला घेऊन आले होते. रसिलाबेन पहिल्या रांगेत बसून, कडी आपण लावली, हे शेजारच्यांना सिनेमा सुरू होण्याआधीच सांगत होत्या. माझा प्रसंग आला. उखाणा झाला, लोक हसले. मी पडद्यावर वाकले आणि लोक असे हसले, की पुढचं ऐकू येईना. मी शेजारी पाहिलं. हे हसत नव्हते. खाली मान घालून, हाताने कपाळ धरून बसले होते.

मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. ती बाई, म्हणजे मी, एवढ्या भक्तिभावाने त्या राक्षसी पायांवर डोकं टेकवत होती, आणि वर तो मिशीवाला असा घाबरला होता, की माझं मलाच हसू फुटलं. आवरेचना. यांनी मान वर केली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि मग यांचं तोंड जे सुटलं, ते सुटलंच. हा उजेड कसा आला, इथे मोबाईल कुठे धरला होता, हे साहेबांचं चौथ्या वेळचं आहे, तिसऱ्या वेळी त्यांची टोपी पडली होती, तू पाहिलीस ना, आणि सौरभची नथ बघ आता.

"अहो," मी म्हटलं, "गप्प बसा की थोडं. मला बघू द्या."